घडागणिक नमस्कार

संध्याला नोकरी लागल्याचं कळलं तशी तिची आत्या दुसऱ्याच दिवशी ब्लाउजपीस घेऊन हजर झाली. "डिझायनर झालीस म्हणे! मग पाठीला जरा काहीतरी नवीन काढ. पुढच्या महिन्यात लग्न आहे."

आता हिला सांगायचं तरी कसं? संध्याने सांगून बघितलं. इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणजे कंपनीतल्या माणसांना काम शिकवायचं असतं, पण स्वतः फळ्यापुढे उभं राहायचं नसतं. शिकवणं आखायचं, व्हिडिओ करायचे, छोटे छोटे पाठ तयार करायचे. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे कपडे शिवत नाहीस, शाळेत शिकवत नाहीस. मग करतेस तरी काय गं?"

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने संध्यालाही याचं धड उत्तर ठाऊक नव्हतं. डी.एड. होऊन पाच वर्षं झाली होती. शिक्षकभरतीची वाट बघता बघता म्हसरूळच्या घरी शिकवण्या घेतल्या, पोरांना पाढे पाठ करून घेतले, आणि पोरं दारातून बाहेर पडली की ते विसरायची. शेवटी एका मैत्रिणीच्या नादाने ऑनलाइन कोर्स केला, आणि दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये तीन महिन्यांच्या बोलीवर चिकटली. काम पसंत पडलं तर कायम, नाही तर राम राम.

वडील रंगनाथ ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी लेकीचं ओळखपत्र हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाले, "आधी कायम हो. तोवर ही नुसती गळ्यातली पट्टी." त्यांचं बोलणं असंच. पण चुकीचं काही नव्हतं, आणि तेच संध्याला जास्त लागलं. हेही हातचं गेलं तर पुन्हा त्या पाढ्यांच्या शिकवण्या आणि आत्याचे ब्लाउज. तिला ती पट्टी काढायची नव्हती.

पॅकहाऊसमधलं काम ऐकायला सोपं. बागेतून द्राक्षांचे क्रेट यायचे. लांबलचक स्टीलच्या टेबलांपाशी चाळीस बायका उभ्या राहायच्या. देठाला धरून घड उचलायचा, टोकदार कात्रीने खराब मणी तेवढे काढायचे, आणि घड प्लॅस्टिकच्या डब्यात बसवायचा. मण्याला बोट लागलं तर त्याच्यावरची पांढरट भुकटी पुसली जाते, आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला ती भुकटी जागच्या जागी हवी असते. आपण घरी आणल्या आणल्या तीच आधी धुऊन टाकतो, हा भाग वेगळा.

बायका बहुतेक हरसूलकडच्या, डोंगरातल्या. भातनागली झाली की हंगामापुरत्या खाली यायच्या. दरवर्षी निम्म्या नव्या, आणि नव्यांचे पहिले पंधरा दिवस घड चुरगाळण्यातच जायचे. पॅकहाऊसचा मॅनेजर मयूर याचीच बोंब मारायचा. वय बत्तीस, आणि वाक्यात चार इंग्रजी शब्द आल्याशिवाय त्याला पूर्णविराम सापडत नसे. "संध्या मॅडम, मला स्टॅण्डर्ड प्रोसेस पाहिजे. चाळीस जणींची मूव्हमेंट सेम पाहिजे. सेम म्हणजे एकदम सेम!"

मागणी तशी फळाला आली, पण ते पुढे.

सगळ्यांत चांगला हात कुणाचा, याबद्दल पॅकहाऊसमध्ये दुमत नव्हतं. भागीबाई. पन्नाशी ओलांडलेली, बारा हंगाम जुनी, बोलायला फटकळ. तिच्या हातात घड गेला की घडालाही कळायचं नाही की आपले चार मणी गेले. संध्याने ठरवलं, हिचाच व्हिडिओ काढायचा.

"मावशी, कॅमेरा आहे हे विसरून जा. रोज करता तसंच करा."

"रोज करते तसं कराया कॅमेरा कशाला?" भागीबाई म्हणाली, पण पदर नीट करून, वरून अ‍ॅप्रन चढवून, टोपी आणि हातमोजे घालून उभी राहिली. कात्री उचलली, कपाळाला लावली, घड देठाला धरून वर घेतला आणि कराकरा मणी काढले. असं तीनदा चित्रण केलं. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, एकदा अगदी जवळून. संध्याने तिन्ही तुकडे एकापुढे एक जोडले आणि वर आपल्या आवाजात सांगितलं: "भागीबाई करतात अगदी तसंच करायचं. काही गाळायचं नाही, काही वाढवायचं नाही." हे शेवटचं वाक्य तिला फार आवडलं होतं. तीन वेळा रेकॉर्ड केलं तिने ते.

व्हिडिओ घरी सगळ्यांना दाखवला. आई म्हणाली, बाई कामाची दिसते. आत्या म्हणाली, अ‍ॅप्रनचा गळा बरा बेतलाय. रंगनाथरावांनी दोनदा बघितला आणि म्हणाले, "हत्यार धरावं तर असं." वडलांच्या तोंडून एवढं म्हणजे पद्मश्रीच. मयूरनेही बघितला, आणि "वर्ल्ड क्लास" म्हणून कुणाकुणाला पाठवूनही दिला. इतक्या जणांनी बघितला, आणि एकालाही काही दिसलं नाही.

सोमवारी जेवणानंतर भिंतीवर व्हिडिओ लावला. बायका खाली बसून बघत होत्या, भागीबाईला "हिरोईन झाली, हिरोईन!" म्हणून चिडवत होत्या. पण बघितलं मात्र मन लावून. दोनदा लावायला लावला.

मंगळवारी संध्या हॉलमध्ये फिरली आणि तिचं मन भरून आलं. चाळीस कात्र्या एकाच पद्धतीने धरलेल्या. चाळीस मनगटं एकाच बाजूला वळलेली. नव्या पोरीसुद्धा मण्याला बोट लावत नव्हत्या. पाच वर्षांत शिकवणीच्या पोरांनी तिचं एक वाक्य धड मनावर घेतलं नव्हतं, आणि इथे एका व्हिडिओत ही जादू! तिला वाटलं, शाळेत लागले नाही ते बरंच झालं. नाकापेक्षा मोती जड झाला होता जरा, पण बिचारीला पहिल्यांदाच मोती मिळाला होता, आपण कशाला बोला.

"माल थोडा स्लो निघतोय का?" मयूरने संध्याकाळी विचारलं.

"हात बसायला वेळ लागतो, सर," संध्या तज्ज्ञासारखी म्हणाली.

बुधवारी ऑडिटर आल्या. परदेशातल्या खरेदीदाराच्या वतीने स्वच्छता तपासणाऱ्या बाई, चष्म्याच्या दोरीपासून बुटांपर्यंत सगळं जागच्या जागी. त्या हॉलच्या दारात उभ्या राहिल्या, आणि उभ्याच राहिल्या. पेन हातात, पण लिहीत काही नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

"यांना हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

मयूरची छाती फुगली. त्याने संध्याकडे बोट केलं. "आमच्या इन्स्ट्रक्शनल डिझायनरने, मॅम!"

एवढा मोठा शब्द त्याने एकदाही न अडखळता म्हटला. संध्या लाजून पुढे झाली. आणि मग तिनेही बघितलं, ऑडिटरबाई बघत होत्या तिकडे.

टेबलाशी उभी असलेली प्रत्येक बाई कात्री उचलत होती, हातमोज्यासकट कपाळाला लावत होती, मणी काढत होती, घड डब्यात ठेवत होती आणि कात्री खाली ठेवत होती. पुन्हा कात्री उचलत होती. पुन्हा कपाळ. पुढचा घड. पुन्हा कपाळ. चाळीस जणी, घडागणिक नमस्कार. हॉलमध्ये द्राक्षं भरली जात होती की सामुदायिक आरती चालली होती, हे बाहेरच्या माणसाला सांगता आलं नसतं.

"घामाच्या कपाळाला लागलेला हातमोजा थेट फळाला," ऑडिटरबाई थंडपणे म्हणाल्या. "आणि तोसुद्धा ट्रेनिंग देऊन. बारा वर्षांत असं मी पहिल्यांदा बघतेय." त्यांचा मुक्काम पिंपळगावला होता. उद्या दहा वाजता त्या पुन्हा येणार होत्या. तोवर हे सुधारलं नाही तर या हंगामापुरती मान्यता रद्द.

त्या गेल्यावर मयूर जे बोलला त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता, यावरून काय ते समजा. "संध्याबाई, उद्या दहापर्यंत हे निस्तरलं नाही, तर तुमचे तीन महिने आजच भरले."

संध्याने कोपऱ्यात जाऊन फोनवर व्हिडिओ लावला. तीन तुकडे, तीन घड, तीन नमस्कार. आणि वर तिचाच गोड आवाज: काही गाळायचं नाही, काही वाढवायचं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिला दिसलं कसं नाही? पण दिसणार कसं? ती स्वतः रोज सकाळी स्कूटीच्या हँडलला हात लावून कपाळाला लावते. रंगनाथराव तीस वर्षं मशीनला नमस्कार केल्याशिवाय पाळी सुरू करत नसत. हवा दिसते का कुणाला? तसंच हे. डोळे भरून आले, पण रडायलाही वेळ नव्हता.

तिने घाईघाईने नवी पाटी तयार केली. कपाळाला लावलेली कात्री, आणि वर लाल फुली. ती घेऊन ती जेवणाच्या सुट्टीत शेडखाली गेली. बायका भाकरी खात बसल्या होत्या.

"उद्यापासून नमस्कार बंद," ती म्हणाली आणि पाटी वर धरली.

घास हातातच राहिले. लाल फुलीकडे बघून दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं. एका म्हातारीने तर तोंड फिरवलं.

"बंद?" भागीबाई म्हणाली. "चालू कुनी केला?"

"म्हणजे?"

"अगं, आमी सकाळी एकदा करायचो. ज्याचा त्याचा. कुनी टेबलाला, कुनी कात्रीला, कुनी दारातच. तुजा सिनेमा आला नि प्रत्येक घडाला चालू झाला. मी म्हनलं, कंपनीचा नियम असंल. नायतर एवढे नमस्कार आमी देवाला पन नाय करत."

बायका खदखदून हसल्या. "खांदे दुखाया लागले, ताई," एक नवी पोरगी म्हणाली, आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या.

संध्याला आधी कानशिलं तापल्यासारखी वाटली. मग हसू आलं. पण उद्याचे दहा काही हसून टळणार नव्हते. तिने पाटी खाली ठेवली आणि भागीबाईशेजारी जमिनीवर बसली. पाच वर्षं शिकवण्या घेतल्या, पण एक गोष्ट तिने कुठल्याही वर्गापुढे कधी म्हटली नव्हती, ती आज म्हटली. "चूक माझी आहे. मी व्हिडिओ करताना नीट बघितलं नाही. आणि तुम्ही माझं ऐकलंत, हाच काय तो तुमचा गुन्हा."

"बरं, रडू नको. भाकर खा," भागीबाईने चतकोर तिच्या हातावर ठेवली. "नमस्कार बंद नाय होनार. हत्यार हाय, पोट हाय त्याच्यावर. पन घडाला नको, सकाळचा एकच करू."

"तो हातमोजे घालायच्या आधी केला तर चालेल," संध्या म्हणाली.

"चालंल. पन तवा हात उघडे. घरनं आलेल्या, गाडीचा दांडा धरलेल्या हातानं नमस्कार करू? आधी धुवाया नको?"

"धुवा ना! धुवून करा."

"नि मग कपाळाचा घाम लागला हाताला. त्यावर मोजे घालू? तुज्या त्या बाईला चालंल?"

"नाही चालणार." संध्याचा घास थांबला. "मग... पुन्हा धुवायचे."

"म्हंजे दोनदा," भागीबाई म्हणाली.

"दोनदा," संध्या म्हणाली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. हॉलच्या टोकाला हात धुवायचं लांब बेसिन होतं. त्याच्यावर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं रंगीत पोस्टर दोन वर्षांपासून चिकटवलेलं, आणि शेजारी वही, तिच्यात चाळीस जणींचे अंगठे नि सह्या रोजच्या रोज. पण माघ महिन्यातलं ते बर्फासारखं पाणी! बोटं ओली झाली न झाली की बाया पळायच्या. पोस्टरने सांगितलं, वहीने सांगितलं, मयूरने तर चार भाषांत सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. पण पारोशा हाताने हत्याराला नमस्कार? ते मात्र एकीनेही कधी केलं नसतं.

संध्या एकदम सावरून बसली. "मावशी, कात्र्या टेबलावर ठेवायच्याच नाहीत. बेसिनपाशी टांगायच्या. मी खिळे मारून घेते. आणि लगेच नवा व्हिडिओ करू, त्यात—"

"सिनेमा नको," भागीबाई ठामपणे म्हणाली. "सकाळी मी पुढं उभी राहते. तू मागं राहा, नि या वेळी नीट बघ."

गुरुवारी आठ वाजता भिंतीवर चाळीस कात्र्या रांगेने लटकत होत्या. भागीबाई बेसिनपाशी उभी राहिली. मनगटापर्यंत साबण लावून हात धुतले. कात्री खिळ्यावरून काढली, कपाळाला लावली, साबणाने धुऊन स्वच्छ ट्रेमध्ये ठेवली. पुन्हा हात धुतले, पुसले, हातमोजे घातले, ट्रे उचलला आणि टेबलाकडे चालू लागली. वळून एवढंच म्हणाली, "घडाला नाय हां! घड काय देव नाय." बाकीच्या हसत हसत बेसिनला लागल्या. पाणी गार होतं, पण कुणी पळालं नाही. संध्या मागे उभी राहून एकेकीचे हात बघत होती. चाळीस जणींचे, दोन्ही वेळा.

जेवणाच्या सुट्टीनंतरही सगळं तसंच करून घ्यायचं ठरलं होतं. पण त्याआधी दहा वाजायचे होते. ऑडिटरबाई पावणेदहालाच आल्या. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढून पुन्हा आत यायला लावलं. बायका आल्या. धुतलं, नमस्कार, धुतलं, मोजे.

"कपाळाला हात लागतोच आहे," ऑडिटरबाई म्हणाल्या.

"त्यानंतर हात आणि कात्री दोन्ही पुन्हा धुतात, मॅडम," संध्या म्हणाली. "आणि त्याआधीही धुतात. न धुता नमस्कार कुणीच करणार नाही. एक दिवसही नाही. तुम्ही नसतानासुद्धा."

ऑडिटरबाईंनी बेसिनकडे बघितलं, पोस्टरकडे बघितलं, मग साबणाकडे. साबण निम्म्याहून जास्त झिजला होता. त्या पहिल्यांदा किंचित हसल्या. "साबण खोटं बोलत नाही," म्हणाल्या, आणि कागदावर सही केली.

गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच मयूरचं इंग्रजी परत आलं. दुपारपर्यंत त्याने मुख्य ऑफिसला लांबलचक मेल लिहिला. टू-स्टेज हॅण्ड हायजीन प्रोटोकॉल, संकल्पना मयूर आणि लर्निंग विभाग. लर्निंग विभाग म्हणजे संध्या एकटी, आणि तिची खुर्ची. त्याने तिला बोलावून सांगितलं, आता यावर रीतसर पाठ बनवा, सगळ्या शाखांना पाठवू.

चार दिवसांत संध्याने पाठ बनवला. या वेळी दहा जणींना आधी दाखवला आणि प्रत्येकीला विचारलं, यातलं तुम्ही काय काय कराल ते करून दाखवा. मग मयूरकडे नेला. पहिल्याच पडद्यावर ठळक अक्षरांत होतं: शिकवणार, भागीबाई बुधा गावित, हरसूल.

"हे काढा," मयूर म्हणाला. त्याच्या टेबलावर तिचं कायम झाल्याचं पत्र होतं. सही व्हायची होती, पेन उघडं होतं. "डिपार्टमेंटचं नाव टाका. प्रोफेशनल दिसतं."

संध्याने पत्राकडे बघितलं. आपलं नाव इतकं नीट टाइप केलेलं तिने शाळा सोडल्याच्या दाखल्यानंतर बघितलं नव्हतं. बाबा म्हणाले होते, आधी कायम हो. पण तोंडातून शब्द निघून गेले ते गेलेच. "नाही काढणार, सर. ऑडिटर मॅडम पुन्हा विचारतील, यांना हे कुणी शिकवलं. मागच्या वेळी तुम्ही माझ्याकडे बोट केलंत, ते बरोबर होतं. या वेळी माझ्याकडे केलंत तर खोटं होईल."

मयूरने पेन दोन बोटांत फिरवलं. त्या दिवशी आपल्या बोटाने काय केलं होतं, ते त्याला आठवत असावं. "तुम्ही टीचर लोक ना..." तो पुटपुटला, आणि सही केली.

संध्या लॅपटॉप घेऊन थेट हॉलच्या दाराशी गेली. चहाची सुट्टी झाली होती. भागीबाई मोजे काढून भिंतीला टेकली होती.

"मावशी, हे बघा. हे काय लिहिलंय?"

"मला कुठं वाचता येतं? तूच वाच."

संध्याने अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं. सावकाश, पहिलीतल्या पोराला वाचून दाखवावं तसं. शिकवणार. भागीबाई. बुधा. गावित. हरसूल.

भागीबाईने हात पुढे केला, पडद्यापासून वीतभर अंतरावर नेला आणि तिथेच थांबवला. तळवा उलटा करून बघितला.

"थांब जरा," ती म्हणाली आणि लगबगीने बेसिनकडे गेली. गार पाण्यात मनगटापर्यंत साबण लावून हात धुतले, पदराला पुसले, परत आली. आपल्या नावाला दोन बोटं लावली आणि ती कपाळाला लावली.

संध्याचे डोळे वाहायला लागले होते, आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. "झालं, मावशी?"

"नाय, झालं कसं?" भागीबाई पुन्हा बेसिनकडे वळत म्हणाली. "अजून एकदा धुवायचे हायत."